रोहितच्या गाडीची खडखड

साईनगर, अमरावती
६ नोव्हेंबर २०२४

ती. देवीदासकाकांना गितूचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं तुम्ही वाचत नाही, म्हणून सरळ पोस्टातून पाकिटं आणली. भाऊबीज झाली. तुमच्या रोहितचा पत्ता नाही त्याला तीन वर्षं झाली, तरी त्याच्यासाठी मी अजून ताट करते. तुमच्यापाशी लपवत नाही.

त्याच्याच गाडीबद्दल लिहायचं आहे. तुम्ही ती ट्रकवर टाकून माझ्याकडे पाठवली, बॅटरी बदलल्यावर सुरू झाली, आणि तेव्हापासून गावातल्या गावात चालते आहे. चढावर जरा ओढत नाही, पण चालते. सकाळी थोडी खडखड पहिल्यापासून होती, पण गेल्या महिन्यापासून किल्ली फिरवली की इंजिनच्या एका बाजूनं ती जोरात येते, डब्यात खिळे घालून हलवावेत तशी. चार-पाच सेकंद येते आणि बंद होते. मग दिवसभर काही नाही. इथला मेकॅनिक म्हणतो टायमिंग चेनचा टेन्शनर गेला, आठ दिवस गाडी सोडून जा.

मला सोडायची नाही. लहानपणी मे महिन्यात तुमच्या गॅरेजमध्ये मी पाने पुसून दिलेत, रोहितबरोबर कार्बोरेटर उघडलेत. तुम्ही लिहून द्या, मी पोर्चमध्येच बदलते.

आई बरी आहे. विसरते थोडं. मी बडनेऱ्याला शाळेत शिकवायला गेले की दिवसभर एकटीच असते. पार्बताकाकूंना नमस्कार.

तुमची
गितू

———

डाबकी रोड, अकोला
११ नोव्हेंबर

चि. गितूले आशीर्वाद.

पत्र भेटलं. तुया मेकॅनिक बरोबर बोलून राहिला. टेन्शनर म्हंजे चेनीले ताणून धरनारा दट्ट्या. त्याच्या मांगं तेल भरलं की तो चेन दाबून धरते. गाडी बारा-चौदा घंटे उभी राह्यली की तेल खाली उतरते, दट्ट्या ढिला पडते, चेन सैल होऊन कव्हरले आपटते. गाडी सुरू झाली, तेल चढलं, की आवाज बंद. गरम गाडी कधीच खडखडत नाई. हे ध्यानात ठेवजो.

पन उघडू नोको. हे कारबुरेटर नोहे. चेन एक दात जरी सरकली तरी गाडी घाटात दम टाकते, अन् लय सरकली तर इंजन जाते. पह्यले कागदावर लिहून काढ. रोज सकाळी सहाले अन् संध्याकाळी सहाले गाडी सुरू करजो, किती सेकंद आवाज येते ते मांडजो. मधात चालवू नोको. मंग पाहू.

पार्बता आशीर्वाद सांगते. वहिनीले नमस्कार.

देवीदास

———

अमरावती
२० नोव्हेंबर

ती. काका,

तुम्ही सांगितल्याप्रमाणे आठ दिवस मांडलं. शाळेत स्कूटीनं जाते, गाडी जागची हलवली नाही. सकाळी सहाला रोज पाच सेकंद. त्यात फरक नाही.

संध्याकाळचं मात्र जुळत नाही. पहिल्या दिवशी सहाला पाच सेकंद. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी आवाज आलाच नाही. चौथ्या दिवशी आला नाही. मला वाटलं दट्ट्या आपोआप सुधारला. पाचव्या दिवशी सुरू करायच्या आधी सहज बॉनेटवर हात ठेवला. पोर्चमध्ये दुपारी ऊन येत नाही, नोव्हेंबर महिना आहे, आणि पत्रा कोमट होता. आतलं इंजिन चांगलंच गरम होतं.

माझ्याकडे किल्ली एकच आहे, ती माझ्या पर्समध्ये शाळेत होती. फाटकाला कडी असते, कुलूप नसतं. आईला विचारलं, "दुपारी कोणी आलं होतं का?" ती म्हणाली, "कोन येते आपल्याकडे?"

आणखी एक. दोनदा असं झालं की मी बसले तर माझे पाय क्लचपर्यंत पोचेनात. ड्रायव्हरचं सीट मागे गेलेलं होतं. मी पुढे ओढून घेतलं.

तुम्हाला घाबरवायचं म्हणून लिहीत नाही. गाडीत अशी काही गोष्ट असते का, की इंजिन आपोआप गरम राहावं?

गितू

———

अकोला
२४ नोव्हेंबर

गितू,

पत्र वाचून पाठीमांगं खुर्ची होती म्हनून बसलो.

अशी कोनतीच गोष्ट नसते. गरम इंजन म्हंजे कोनीतरी चालू केलं. या गाडीच्या दोन किल्ल्या होत्या. एक घरी राह्यली असं मी पोलिसाले सांगतलं, ते खोटं हाये; दोन्ही नेल्या म्हनलं असतं तर त्याइनं 'घर सोडून गेला' असं लिहिलं असतं. दोन्ही रोहित घेऊन गेला होता. एक गाडीपाशीच भेटली, चाकाच्या वर खोबणीत ठेवलेली. तीच तुयाजवळ हाये. दुसरी भेटली नाई. सेमाडोहच्या पुढं जंगलात अकरा दिवस मानसं फिरले, ना किल्ली भेटली, ना तो.

आता मी सांगतो ते कर. फाटकाले कुलूप लावू नोको. कोनाले सांगू नोको, वहिनीलेबी विचारू नोको. सीट पुढं ओढाच्या आधी खाचा मोज. रोहितचे पाय लांब होते, तो पाचव्या खाचेवर बसे. अन् टेन्शनर तर अजिबात बदलू नोको. आवाज बंद झाला तर कोन येते अन् कधी येते, ते आपल्याले कसं कळन?

पार्बताले सांगतलं नाई. उगाच आशेले लागन.

पाह्य गितू, उलट टपाली लिहिजो.

काका

———

अमरावती
१ डिसेंबर

ती. काका,

सीट पाचव्या खाचेवरच होतं. मी दोनदा मोजलं. आता पुढचं नीट वाचा, आणि बसूनच वाचा.

गुरुवारी, अठ्ठावीस तारखेला, मी शाळेत जाते सांगून निघाले आणि स्कूटी कोपऱ्यावर लावून समोरच्या शकुनमावशींच्या गच्चीत जाऊन बसले. तिथून आमचं फाटक आणि घराचं दार दिसतं. पोर्चवर छप्पर आहे, त्यामुळे गाडीचं फक्त मागचं चाक दिसतं. सव्वा वाजता आई बाहेर आली. केस विंचरलेले, अंगावर लग्नाकार्याचं निळं पातळ. पोर्चमध्ये शिरली. फाटकातून दुसरं कोणीही आत आलं नाही. मी नजर हटवली नव्हती काका, शपथेवर सांगते. आणि मग ती खडखड आली. रस्त्याच्या पलीकडे, वरच्या मजल्यावर मला ऐकू आली. पाच सेकंद.

मी जिना कसा उतरले माहीत नाही. आई डाव्या सीटवर बसली होती, पट्टा लावून. इंजिन चालू. ड्रायव्हरची जागा रिकामी, सीट पार मागे. किल्लीला लाल दोरा बांधलेला होता. माझी किल्ली माझ्या हातात होती.

मी म्हटलं, "आई, गाडी कोणी सुरू केली?"

"कोनी म्हंजे? त्यानं."

"कोणी त्यानं?"

"हळू बोल नं. पानी प्याले गेला हाये घरात."

मी घराच्या दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. आत जायला मला किती वेळ लागला ते विचारू नका. घरात कोणी नव्हतं. ओट्यावर एक ओला पेला होता. तो आईचाही असेल.

गाडी बंद केली, तिला आत आणलं, चहा दिला. तासाभरानं ती बोलायला लागली आणि अगदी शुद्धीत बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते. रोहित त्या दिवशी इथे आला होता, काका. मी शाळेत होते. दुपारी एक वाजता आला, वांग्याची भाजी आणि भाकर खाल्ली. दुसरी किल्ली तिच्या हातात दिली, म्हणाला, "मोठ्याई, हे गितूले देजो." तिनं विचारलं, "तू कोठी चालला?" तर म्हणाला, "बाबा म्हनाले तोंड दाखवू नोको. जाऊन येतो." तिला डाव्या सीटवर बसवून कोपऱ्यापर्यंत फिरवून आणलं, उतरवलं, आणि परतवाड्याच्या बाजूनं गेला.

पोलीस आले तेव्हा ती गप्प राहिली. मी विचारलं का. म्हणाली, "सांगतलं असतं तर भाऊजीले धरून नेलं असतं. अन् मीबी तर त्याले जाऊ देलं नं वं."

तीन वर्षं तिनं ती किल्ली देवघरात गव्हाच्या डब्याखाली ठेवली होती. आता डोकं सैल झालं तशी ती बाहेर निघाली. किल्ली मी घेतली आहे. डाव्या बाजूनं वाकून ती फिरवणं आईला जमेल. पण सीटचा तो दांडा मला स्वतःला दोन्ही हातांनी ओढावा लागतो, आणि आईच्या बोटांना संधिवात आहे. मी तिला म्हटलं, "सीट तू मागे करतेस का?" ती म्हणाली, "मी कायले करू? त्याचे पाय लांब हायेत."

काका, तुम्ही त्याला काय म्हणाला होतात?

गितू

———

अमरावती
२२ डिसेंबर

ती. काका,

तीन आठवडे झाले. काकूंचा फोन आला होता, तुम्ही जेवत नाही म्हणाल्या. मी त्यांना काही सांगितलेलं नाही.

मी चिडून विचारलं असेन तर माफ करा. पण एक गोष्ट तुमच्या परवानगीसाठी थांबवता येणार नाही. किल्ल्या मी दोन्ही कुलपात ठेवल्या आहेत, तरी आई रोज दुपारी गाडीत जाऊन बसते. एखाद्या दिवशी किल्ली तिच्या हाती लागेल. सैल चेननं इंजिन कधी तुटेल सांगता येत नाही, हे तुम्हीच लिहिलंत. टेन्शनर आणि पॅकिंग आणून ठेवलं आहे. जानेवारीच्या पहिल्या रविवारी मी उघडणार.

तुमचा माझ्यावर विश्वास नाही, म्हणून तुम्ही पहिल्यापासून उघडू नको म्हणत आलात, हे मला कळतं. तरी शेवटचं विचारते. कसं करायचं ते लिहून द्या.

गितू

———

अकोला
२७ डिसेंबर

चि. गितू,

तुयावर विश्वास नाई असं नोहे. मले भेव होतं आत काय दिसन याचं. आज सगळं लिहितो.

त्या साली दिवाळीच्या आधी रोहित मले पाटीवर लिहून दाखवे, "बाबा, गाडी सुरू होताना खडखडते." मले आवाज आला नाई. मंग तो घरात गेल्यावर मी बॉनेटवर तळहात ठेवला अन् किल्ली फिरवली. वर्कशॉपमधले तेहतीस वर्षं माह्या हातात हायेत. मले कळलं. टेन्शनर होता. एका दिवसाचं काम होतं.

मी त्याले म्हनलं, काही नाई, चालव.

काहून म्हनलं? त्याच्या आदल्या दिवशी त्यानं पाटीवर लिहिलं होतं, "तुम्हाला आता ऐकू येत नाही, गॅरेज बंद करा." गिऱ्हाईकासमोर लिहिलं. ते मले झोंबलं होतं. त्यानंतर आठ दिवस आमी बोललो नाई. मंग एका सकाळी भांडन झालं, अन् मी म्हनलं, "गाडी घेऊन जाय, तोंड दाखवू नोको. जिथं बंद पडन तिथं बाप आठवन."

गाडी सेमाडोहच्या पुढं घाटात भेटली. मले त्याच दिवशी समजलं, चेन सरकली असन. गाडीनं दम टाकला असन, बंद पडली असन, अन् तो मदत पाहाले उतरून जंगलात गेला असन. म्हनून मी ते इंजन उघडलं नाई, कोनाले उघडू देलं नाई, बिना किल्ली फिरवता तुयाकडे धाडलं. तू चढावर ओढत नाई म्हनून लिहिलं तेव्हा तर मी समजूनच चुकलो.

अन् मंग तू गरम इंजन अन् सीटचं लिहिलं, तं मी आठ दिवस येडा होतो. रोज बसस्टँडवर जाऊन अमरावतीच्या गाड्या पाहे.

उघड आता. असं कर. बॅटरीची तार काढ. टॅपेट कव्हर, म्हंजे इंजनचं वरचं झाकन काढ, बोल्ट क्रमानं मांडून ठेव. खालच्या पुलीच्या नटावर एकोणीसचा पाना लावून इंजन हातानं फिरव, घड्याळाच्या बाजूनं, उलटं कधीच नाई. पुलीची खूण शून्यावर आली की वर चेनचक्रावरची खूण बरोबर मधात, इंजनच्या डोक्याच्या कडेशी जुळली पाह्यजे. जुळली नाई तर चेन सरकलेली हाये. ते मले खरं सांगजो. माह्यावर दया करून खोटं लिहू नोको.

मंग चेन सुतळीनं चक्राले बांध. टेन्शनर दोन बोल्टवर हाये, काढ. नव्याले पिन असते, बसवल्यावरच पिन ओढ. हातानं इंजन दोन पूर्न चक्कर फिरवून खुना परत पाह्य. पह्यल्या वेळी सुरू करशीन तेव्हा तेल चढेस्तोवर आवाज येईन, घाबरू नोको.

काका

———

अमरावती
५ जानेवारी २०२५

ती. काका,

हात अजून काळे आहेत, कागदावर डाग पडले तर चालवून घ्या. पण पत्र आजच टाकायचं होतं.

आधी जे तुम्हाला हवं ते. खुणा जुळल्या. पुली शून्यावर आणि वरची खूण बरोबर मधोमध, केसभरही इकडेतिकडे नाही. मी तीनदा फिरवून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं, दात मोजले, फोटो काढून पाकिटात घातला आहे. दया म्हणून लिहीत नाही. चेन एकही दात सरकलेली नाही, काका. कधीच सरकली नव्हती. आणि चढावर ओढत नव्हती कारण एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं घर केलं होतं, कापूस आणि चिंध्यांचं. ते काढलं आणि गाडी हलकी झाली.

गाडी तुमच्यामुळे बंद पडली नव्हती. तुमचे शब्द तिला लागले नव्हते. तीन वर्षं तुम्ही उगीच जळलात.

बाकीचं काम तुमच्या कागदाप्रमाणे झालं. आई टॉर्च धरून उभी होती. पान्यानं इंजिन हळूहळू फिरवताना आतून हवा सुटते, कोणी कूस बदलताना श्वास सोडावा तशी. आई वाकून म्हणाली, "पाह्य, झोपला होता." मी थोडा वेळ पाना सोडून पोर्चच्या पायरीवर बसले. मग परत धरला. जुन्या टेन्शनरचा दट्ट्या अंगठ्यानं दाबला तर लोण्यात जावा तसा आत गेला. नव्याची पिन ओढली तेव्हा तो टक् करून चेनला जाऊन भिडला.

पहिल्यांदा सुरू केली, सहा सेकंद खडखडली आणि थांबली. बंद करून तासाभरानं पुन्हा सुरू केली. काही नाही. आज संध्याकाळी पुन्हा. काही नाही. इतकी शांत, की सुरू झाली का ते पाहायला मी डॅशबोर्डवरच्या काट्याकडे पाहिलं.

आईला म्हटलं, "झालं गं नीट." तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "आता तो कधी येऊन जाते, ते समजनच नाई."

काका, गाडी तुम्ही घेऊन जा. मला ती पोर्चमध्ये नको आहे. स्वतः या, बॉनेटवर हात ठेवून पाहा. त्यात तुमच्यावर दोष ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही.

गितू

———

अकोला
१६ जानेवारी

चि. गितू,

परवा तुया घरून निघालो तेव्हा मी तुले सांगतलं की सरळ अकोल्याले जातो. खोटं सांगतलं. कोपऱ्यावरून परतवाड्याच्या रस्त्याले लागलो.

तुया हातचं काम पाहून माह्या डोळ्यात पानी आलं होतं. तुले वाटलं बरं वाटून आलं. तसं नोहे बेटा. तू खुशीनं लिहिलं की गाडी बंद पडली नव्हती. ते वाचून मी दोन दिवस पार्बताले तोंड दाखवलं नाई. गाडी बंद पडली असती तर तो मदत पाहाले उतरला असता. वाट चुकला असता, जनावर आलं असतं. त्यात माह्या हाताची चूक होती, अन् मानूस हाताच्या चुकीसंगं जगते. पन गाडी चांगली होती. मंग तो काहून थांबला? चांगली चालती गाडी त्यानं कडेले घेतली, बंद केली, काचा वर केल्या, कुलूप लावलं, किल्ली चाकावर ठेवली जो येईन त्याच्यासाठी, अन् चालत गेला.

फॉरेस्टच्या मानसानं तेव्हा जागा कागदावर काढून देली होती. तेव्हा माहे पाय निघाले नव्हते. तो कागद तीन वर्षं पाकिटात होता. दुपारी दोन वाजता पोचलो. सागाचे पानं गळून रस्त्यावर पडले होते. त्याच जागी गाडी लावली. बंद केली. काचा वर केल्या, कुलूप लावलं, किल्ली चाकावर ठेवली. मले पाह्याचं होतं, तिथून मानूस कसा चालते.

खाली उतरनारी एक पायवाट हाये. मी तिच्यावर निघालो. मले काही ऐकू येत नाई, ना पाखरू ना पान. मांगून कोनी हाक देली असती तर ते मले कळलंच नसतं. म्हनून मी दर दहा पावलांनी वळून पाहे. तो दिसन म्हनून नाई. पन एकदा वळलो तर असं वाटलं की मी वळाच्या आधी कोनी मले पाहून राहिलं होतं, अन् आता पाहून नाई राहिलं. गाडी झाडांमधून बोटाएवढी दिसत होती. मी आवाज देला. माहाच आवाज मले ऐकू आला नाई, नुसता गळ्यात कंप आला. त्याले हाक मारून मले तीन वर्षं झाले होते. दोनशे चाळीस पावलांवर मी थांबलो, अन् वापस आलो.

येताना परतवाड्याच्या पोलिस ठान्यात गेलो. कागदावर लिहून देलं की घरी भांडन झालं होतं, अन् मी काय म्हनलो ते शब्द लिहून देले. वहिनीचं नाव लिहिलं नाई. साहेबानं वाचलं, फाइलमध्ये लावलं, मले चहा पाजला.

घरी येऊन पार्बताले समोर बसवलं अन् सगळं सांगतलं. टेन्शनर, पाटी, माहे शब्द, वहिनीची किल्ली, पायवाट. ती रडली नाई. माह्यावर ओरडलीबी नाई. निवडत होती ती भाजी बाजूले सारली. तिनं पाटी घेतली अन् एकच गोष्ट लिहिली.

"मंग तुमी वापस काहून आले?"

गितू, ती पाटी अजून मी पुसली नाई. उद्या आमी दोघं त्या पायवाटेवर जाऊन राहिलो, पहाटेच निघतो. पार्बतानं दोन दिवसांच्या भाकरी बांधल्या हायेत.

देवीदास